रामहरींच्या नावाआधीचं ‘कै.’

तीर्थस्वरूप कारभारीनाना यांच्या पायाशी, नगरहून पुतण्या वैजनाथचा दंडवत.

इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, म्हणजे सविताची ॲसिडिटी, माझी मान आणि घरमालकाचा स्वभाव सोडला तर. कोल्हारला पाणी कसं आहे? काकूंच्या गुडघ्याला त्या मलमानं फरक पडला का, ते कळवा. (पडला नसेल तर कळवू नका, मलम मीच पाठवलं होतं.)

पंकजासाठी आलेल्या स्थळाची माहिती मोबाईलवर मिळाली. मुलगा तुझ्याच धंद्यातला आहे, काष्टीचा आहे, चौकशी करून मोकळ्या मनानं सांग, असं तुम्ही म्हणालात. फोनवरच सांगितलं असतं, पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकता आणि मग आपलं बोलणं गोठ्यापर्यंत ऐकू जातं. म्हणून लिहायला बसलो. नाना, चौकशी करावी लागली नाही. अजिनाथला मी गेल्या दिवाळीपासून ओळखतो. इतका ओळखतो की मध्यंतरी तो आणि मी एकच आहोत, असं लोकांना वाटायला लागलं होतं.

माझा धंदा तुम्ही गावात ‘कॉम्प्युटरचं कायतरी’ असा सांगता, म्हणून थोडं उलगडून लिहितो. दुकानदार, डॉक्टर, क्लासवाले यांच्या वेबसाईटी इंटरनेटवर दिवसरात्र उघड्या राहायच्या तर त्यांना कुठंतरी जागा लागते. ती जागा मी भाड्यानं देतो. म्हणून नाव ठेवलं ‘ओसरी होस्टिंग’. बाकी कंपन्यांच्या साइटवर असतं तसलं इंग्रजी मला लिहिता येत नाही, म्हणून माझ्या साइटचा मजकूर मी मराठीत लिहिला. अण्णा गेले त्याच वर्षी लिहिला. त्यात एक परिच्छेद अण्णांवर आहे: माझे वडील कै. पुंजाराम पाण्याच्या मोटारी भरायचे, म्हणजे त्यांचं रिवाइंडिंग करायचे, जळकी मोटार घेऊन कुणी दारात आलं की ‘उद्या या’ हा शब्द त्यांना माहीत नव्हता, त्यांच्या जाण्यानंतर तीच रीत आम्ही चालवतो, तुमची वेबसाईट बंद पडली तर आम्हाला झोप येत नाही. आता झोप मला येते, नाना, चांगली येते. पण धंद्याच्या मजकुरात एवढं चालतं, असं मला तेव्हा वाटलं होतं.

दिवाळीच्या तोंडावर माझ्याकडे परक्या माणसांचे फोन यायला लागले. पहिला फोन श्रीगोंद्याच्या लंकाबाईंचा. त्या मसाले आणि फराळाचं करून विकतात, ऑर्डरी वेबसाईटवरून घेतात, आणि ऐन ऑर्डरीच्या आठवड्यात त्यांची साइट बंद. मी माझी सगळी गिऱ्हाइकं तपासली, त्यात त्यांचं नाव नाही. तुमची साइट आमच्याकडे नाहीच, असं मी त्यांना तीनतीनदा सांगितलं. त्यांनी शांतपणे मला माझाच परिच्छेद वाचून दाखवला, अगदी झोपेपर्यंत, आणि विचारलं, “ह्ये तुमीच लिवलंय ना?” मी म्हणालो, हो, लिहिलंय मीच, पण. त्या म्हणाल्या, “मग पण कशाला? उठा की.”

त्या वाचत होत्या ती साइट होती ‘पडवी होस्टिंग’ची. (नावसुद्धा शेजारचंच घेतलं होतं.) उघडून पाहिली आणि अंगाचा तिळपापड झाला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मी. माझे नियम, माझ्या सवलती, माझे विनोद, वाद झालाच तर नगरच्या कोर्टात, हेसुद्धा माझंच. ओसरी काढून पडवी घातली होती आणि कै. पुंजाराम काढून कै. रामहरी. तक्रारीच्या पानावरचा फोन नंबर बदलायचा तेवढा राहिला होता, म्हणून पैसे घेताना पडवी आणि शिव्या खाताना ओसरी, अशी वाटणी झाली.

बरं, आपण खरे आहोत म्हणून सुखानं झोपावं, तर तेही नाही. गुगलवर शोधलं की पडवी वर आणि ओसरी खाली. सावेडीचे एक डॉक्टर माझे जुने गिऱ्हाईक, ते भर दवाखान्यात पेशंटसमोर म्हणाले की वैजनाथराव, वडिलांविषयी तरी दुसऱ्याचं उचलायचं नव्हतं. मी अण्णांचा मुलगा आहे, हे मला त्या दवाखान्यात सिद्ध करता आलं नाही. खोकणारी माणसं माझ्याकडे कीव येऊन बघत होती. तिथून वकिलाकडे गेलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि असल्या भानगडीत वर्षं जातात म्हणाला, शिवाय त्याच्या स्वतःच्या साइटचा मजकूरही त्यानं कुठल्याशा मोठ्या वकिलाचा घेतलाय, त्यामुळे नोटीस जरा मऊ लिहू म्हणाला. लंकाबाईंची साइट मात्र मी नव्यानं उभी करून दिली, माझ्या जागेवर. सविता म्हणाली, चोराच्या गिऱ्हाइकाला सांभाळणारा जिल्ह्यात तू एकटाच. पण त्या बाईनं माझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता, आणि शब्द माझाच होता, मग काय करणार?

शेवटी बाजाराच्या दिवशी काष्टीला गेलो. पडवीच्या पत्त्यावर जनावरांच्या साजाचं दुकान निघालं. दावी, कासरे, वेसणी, घुंगरं, आणि त्यात एक जाडजूड गृहस्थ बसलेले. पडवी होस्टिंग हेच का विचारलं, तर म्हणाले, वर माडीवर पोरगं बसतंय, मी त्याचा बाप, रामहरी. नाना, मी खाली बसलोच. ज्या माणसाच्या जाण्यानंतर पडवीवाले त्याची रीत चालवत होते, तो माणूस मला चहा सांगत होता.

मी भांडायला गेलो होतो, पण भांडायचा सगळा मजकूर विसरलो. मोबाईल काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी डोळे बारीक करून, ओळीवर बोट ठेवत वाचलं. ‘कै.’पाशी बोट थांबलं. पुढं मोटारीपर्यंत गेले, परत मागं आले. समोर एक गिऱ्हाईक कासऱ्याला पीळ देऊन बघत होतं, त्याला त्यांनी थांबायची खूण केली आणि जिन्याकडे बघून हाक मारली. अजिनाथ खाली आला. दिसायला चांगला आहे, फोटोत दिसतो त्याहून उंच. मी कोण ते कळल्यावर पाया पडला (मी पाय मागं घेतले, पण उशीर झाला होता). म्हणाला, दादा, सगळे असंच करत्यात, मीबी चारपाच साइटी बघितल्या, त्यात तुमचंच वाचून लई भारी वाटलं, आपल्याला काय असं लिवता यायचं न्हाई. नाना, माझं लेखन आजवर कुणी इतकं मन लावून वाचलेलं नव्हतं, हे मला त्याच वेळी जाणवलं आणि राग आणखी वाढला.

रामहरींनी आवाज चढवला नाही. मोबाईल मला परत दिला आणि पोराला एवढंच विचारलं, “मी कवा मोटारी भरल्या रं?” आणि पुढं म्हणाले, “दोर ईकतो म्हून लिवायची लाज वाटली व्हय? मंग मारायचं कशाला, नुसतं गाळायचं हुतं.” एवढं बोलून ते गिऱ्हाइकाकडे वळले आणि त्याला कासऱ्याचा भाव सांगायला लागले. तो पोरगा खाली मान घालून दाव्यांच्या ढिगाशी उभा राहिला. मलाही तिथं थांबवेना. चहा तसाच ठेवून निघालो.

नगरला पोचेपर्यंत त्यानं दुरुस्ती केलेली होती. फोन नंबर बदलला होता, आणि ‘कै.’च्या जागी ‘श्री.’ घातलं होतं. बाकी सगळं जसंच्या तसं. म्हणजे आता श्री. रामहरी मोटारी भरायचे आणि त्यांच्या जाण्यानंतर तीच रीत चालू होती. बापाला जिवंत करायचं तर क्रियापदं बदलावी लागतात, एवढंही त्याला सुचलं नाही.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की, मुलगा निर्व्यसनी आहे, मोठ्यांचा मान ठेवतो, कामसूही असावा. पण स्वतःचा बाप ज्याला दुसऱ्याच्या शब्दांत लिहावा लागतो, त्याच्या घरी आपली पंकजा द्यावी, असं मला वाटत नाही. लग्नानंतर तिच्याशी तो कुणाच्या तोंडचं बोलेल, कोण जाणे. नकार कळवून टाका. फक्त नकाराचा निरोप तुमच्या शब्दांत लिहा, माझी वाक्यं उचलू नका.

काकूंना नमस्कार. पंकजाला आशीर्वाद. सविता आणि मी हुरड्याला यायचं म्हणतोय, बोलावलंत तर.

आपला,
वैजनाथ

ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात पंकजाचा फोन आला. ती त्या मुलाला दोनदा भेटली आहे, हे तुम्हाला माहीत नसावं, मलाही नव्हतं. तिनं त्याला म्हणे वडिलांविषयी विचारलं, आणि हा गडी बोलत सुटला तो थांबेना. घरी येऊन त्यानं पडवीचं पान नव्यानं लिहिलंय. तिनं सांगितलं म्हणून वाचलं. बैल विकणारा आपलं दावं सोडून परत नेतो, नव्या मालकाला नवं घ्यावं लागतं, त्यावर आमचं घर चाललं, असं त्यात आहे. वडील दाव्याला गाठ मारताना घेणाऱ्याच्या हाताकडे बघतात आणि हा माणूस जनावर मारेल का, ते ओळखतात, असंही आहे. नाना, माझ्या परिच्छेदापेक्षा बरं जमलंय. मला फार राग आला. तेव्हा वर काय लिहिलंय ते राहू द्या, पंकजा म्हणेल तसं करा.

ता. क. २. त्या पानावर त्यानं रामहरींचा दुकानातला फोटो लावलाय. माझ्या पानावर अण्णांचा फोटो कधीच नव्हता, कारण आमच्याकडे आधारकार्डावरचा सोडला तर एकही नाही, आणि त्यात ते अण्णा वाटत नाहीत. तुमच्या लग्नात ते तुमच्या मागं उभे राहून हसत होते, तसा फोटो आहे, असं आई सांगायची. तुमचे डोळे मिटलेले आलेत म्हणून तुम्ही तो पेटीच्या तळाशी ठेवलाय, हे काकूंनी मला सांगितलंय, त्यांना रागावू नका. तेवढा फोटो पाठवा. तुम्हाला मी कापून टाकीन.