मागच्या खोलीबाबत लिहून ठेवलेले

मी, वच्छला, कै. चैतराम शहारे यांची बायको, राहणार नवेगाव बांध, तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया, वय सत्तरच्या वर (जन्माचा दाखला कोणी काढलाच नाही), हे मृत्युपत्र आपल्या मनाने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण या कामाला त्यांची गरज नाही. मला कोणी धाक घातला नाही की लालूच दाखवली नाही. शाळा तिसरीपर्यंतच, म्हणून कच्चे मी लिहिले आणि पक्के लीलाधर गुरुजींनी उतरवले. माझे शब्द बदलू नका असे त्यांना बजावले आहे. ते मान हलवतात आणि बदलतात.

मला दोन लेकरे. लोकेश घराच्या पुढच्या भागात बायको नूतनसोबत राहतो आणि धानाचा व्यापार करतो. अल्का सासरहून मोनालीला कडेवर घेऊन आली, ती परत गेली नाही. अल्का, मोनाली आणि मी मागच्या खोलीत राहतो. घर आणि धानाच्या बांध्या चैतरामने जिवंतपणीच माझ्या नावावर केल्या. माझ्यानंतर मागच्या खोलीत धानाची पोती ठेवायची असे लोकेशने चार लोकांत बोलून दाखवले आहे. हे लिहिणे त्या खोलीसाठीच आहे. भांड्याकुंड्यांसाठी मी एवढी दमले नसते.

कलम एक. मागची खोली, त्यातले मेज, बॅटरी आणि इंटरनेटची वायर यांसह, माझी नात मोनाली हिला. तिचे लग्न होवो न होवो, खोली तिची.

हे कलम आधी खाली होते. वर मी लिहिले होते, "घर लोकेशला." मोनालीने कच्चे वाचले आणि पोट धरून हसली.

"आजी, हेच त आम्ही वर्षभर दुरुस्त करून राहिलो!"

तिचे काम असे. वेबसाइट बनवणाऱ्यांसाठी एक तयार सांगाडा आहे. तो कोणा एकाच्या मालकीचा नाही. कोणीही घ्यावा, कोणीही सुधारावा. कोणी पत्ता टाकला की त्याला कोणत्या पानावर न्यायचे हे तो सांगाडा ठरवतो. नियम वरून खाली वाचत जातो आणि जो पहिला जुळेल तिकडे पाठवून देतो. ढोबळ नियम वर बसला की खालच्या बारीक नियमापर्यंत कोणी पोहोचतच नाही. मोनाली, ब्राझीलचा एक माणूस आणि कोचीनची एक पोरगी मिळून हे नीट करत होते. ढोबळ कुठेही लिहा, बारीक आधी पाहिले जावे, आणि नियम कितीही असोत, सगळे चाळत बसायला लागू नये. मला एवढे समजले, तेही तिने कितीदा तरी सांगितले तेव्हा.

म्हणून या कागदात बारीक वर आणि ढोबळ खाली आहे. गुरुजी म्हणाले, "कोर्ट असे वाचत नाही, वच्छलाबाई." मी म्हटले, कोर्ट वाचेल तेव्हा वाचेल, आधी लोकेश वाचणार आहे.

या कामाचा तिला कोणी पगार देत नाही. ज्या कामाचा पगार मिळतो तेही ती याच मेजावर करते, पण जीव याच्यात. लिहून पाठवायचे, मग साऱ्या जगाने वाचायचे आणि चुका काढायच्या. एक दिवस ती एकटीच हसत बसली होती.

"काऊन हसून राहिली वो?"

"तपासणारे म्हणतात, चांगलं आहे, पण पुन्हा लिही."

"मंग यात हसासारखं काय आहे?"

"आजी, आजवर नुसतं पुन्हा लिही म्हणत होते."

अशी ही पोरगी. मला तिचा इतका आनंद होतो की सांगायला माणूस सापडत नाही. गावात सांगितले तर विचारतात, लागली का सरकारी नोकरीत?

कलम दोन. पाण्याचा पितळेचा मोठा गुंड नूतनला. मोनाली दिवसभर दार लावून काय करते, असे नूतनने विहारात सगळ्या बायांपुढे विचारले होते, ते मी विसरले नाही. तरी गुंड तिलाच, कारण माझ्या आजारात पाणी तिनेच तापवले.

कलम तीन. चैतरामचे मासोळीचे जाळे लोकेशला. त्याला ते विणता येत नाही, फेकताही येत नाही, पण लहानपणी त्यात गुंडाळून झोपायचा.

कलम चार. तलावाखालच्या बांध्या अल्का आणि लोकेश यांना सारख्या. शेजारच्या बांधीचा उदाराम दोघांमधला धुरा, म्हणजे मधला मातीचा बांध, दरवर्षी फावड्याने आमच्या बाजूला सरकवतो. रोवणीत कंबर वाकवून मी ते पाहत आले आणि भांडायची ताकद उरली नाही म्हणून गप्प बसले. गप्प बसणे म्हणजे माफी नव्हे, हे अल्काने त्याला सांगावे.

कलम पाच, हे ढोबळ. वरचे सोडून जे काही उरेल, पुढचे घर, ओसरी आणि वाडी धरून, ते लोकेशला.

आता लोकेशबद्दल. पोरगा वाईट नाही. पण दिवाळीनंतर आमचे भांडण झाले आणि त्याने रागात इंटरनेटची वायर उपटली. नेमकी त्याच सकाळी मोनालीच्या कामातल्या त्या तिघांची लॅपटॉपवर बैठक होती. मोनाली रडली नाही. लॅपटॉप ओढणीत गुंडाळला आणि तलावाच्या पाळीवर जाऊन बसली, तिथे फोनला रेंज येते. मी मागून काठी टेकत गेले. ती इंग्रजीत बोलत होती, मी तिच्या डोक्यावर छत्री धरून उभी होते. पडद्यावरून ब्राझीलच्या माणसाने विचारले, या कोण? ती म्हणाली, आजी. त्याने हात जोडले. मीही जोडले. त्यानंतर थोड्या दिवसांनी त्यांचे काम त्या सांगाड्यात घेतले गेले. मी गुळाची खीर केली आणि एक वाटी पुढच्या घरीही पाठवली. वाटी रिकामी परत आली, निरोप काही आला नाही.

मोनालीच्या कामाची एक रीत मला आवडली. कोणी चोरून काही बदलत नाही, आधी सगळ्यांपुढे ठेवतात. मृत्युपत्र लोक ट्रंकेत लपवतात आणि मागाहून डोकी फुटतात. मी रविवारी विहारातून आल्यावर सगळ्यांना ओसरीत बसवले आणि गुरुजींना हे मोठ्याने वाचायला लावले. म्हटले, ज्याची हरकत असेल त्याने आत्ताच बोलावे, मी जिवंत असताना.

नूतन म्हणाली, गुंडाला पोचा आहे. मान्य. अल्का काही बोलली नाही. ती कधीच बोलत नाही, हीच माझी तिच्याबद्दल हरकत.

लोकेश उठून उभा राहिला.

"दे ना माय, खोली दे. मी कुठं नाही म्हणून राहिलो? पण तुही नात खोलीत जाईन कुठून? उडून? रस्ता त माह्या ओसरीतून आहे. अन् ओसरी तूच मले देली."

मी इतक्या रात्री जागून कलमे मागेपुढे केली, गुरुजींनी पक्के केले, दिवसभर हेच काम करणाऱ्या मोनालीने तर दोनदा वाचले. खोली दिली आणि वाट द्यायची राहिली. मोनालीचा चेहरा उतरला. लोकेशला वाटले, जिंकलो.

मी म्हटले, "गुरुजी, पेन उचला. पोराने बरोबर चूक काढली."

कलम सहा, पण वाचताना पाचच्या आधी वाचावे. खोलीच्या मागच्या भिंतीला दार पाडावे. त्या दारापासून विहिरीच्या कडेने गल्लीपर्यंतची वाट मोनालीची. डोक्यावर भारा घेतलेली बाई अंग न चोरता निघेल एवढी ती रुंद असावी. तिच्यावर पोती, गाडी, काटेरी कुंपण काही ठेवू नये.

"अन् भिंत फोडन कोण?" लोकेशने विचारले.

"तूच. पोरीच्या कामात ज्याले चूक दिसली, त्यालेच म्हणतात, आता दुरुस्त करून दे."

"मामा, खरंच तसं असते," मोनाली हळूच म्हणाली.

तो चपला घालून निघून गेला. मला उठवत नव्हते, मी तिथेच ओसरीत आडवी झाले.

दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशी पोत्यांच्या गाडीवरून भिंत फोडायची लोखंडी सब्बल घेऊन उतरला आणि कोणाशी न बोलता मागे गेला. आज सही करताना भिंतीला माणूस वाकून जाईल एवढे भोक पडले आहे. चौकट अजून बसायची आहे. धूळ माझ्या अंथरुणावर येते आहे, येऊ द्या.

वरील सर्व मला वाचून दाखवले, ते माझेच आहे. अंमलबजावणी लीलाधर गुरुजींनी करावी.

सही: वच्छला चैतराम शहारे (स्वहस्ते)

साक्षीदार, ज्यांना यातले काही मिळत नाही:
१. शामकला रामटेके, राहणार नवेगाव बांध
२. भैयाजी कापगते, राहणार नवेगाव बांध

पक्के उतरवणार: लीलाधर बन्सोड, निवृत्त शिक्षक

ठिकाण: नवेगाव बांध, मागच्या खोलीत
दिनांक: १९ फेब्रुवारी २०२५