वाटीखालची चिठ्ठी

प्रिय दत्तूभिया,

पत्राला उशीर झाला, माफ करा. तुम्हाला जाऊन दीड महिना झाला. रोज लिहायला बसतो आणि काही चुकेल म्हणून उठतो. माझा स्वभाव तुम्हाला नवा नाही. पण आता थांबता येत नाही. काल तुमचा सुनील म्हणाला, "काका, रविवारी ते टेबल उठवतो. तिथे कूलर ठेवायचाय."

टेबल म्हणजे आपली लढाईच की! डाव अर्धाच आहे, असं मी त्याला सांगितलं. तर म्हणतो, "अब किसके साथ खेलोगे, काका?"

राग मला तुमचाच आलाय. पोलोग्राउंडच्या कारखान्यातून शिशाचे तुकडे आणून तुम्ही शिपाई ओतायचात. मी तेव्हा दहा वर्षांचा, त्यांना रंग द्यायचो. खेळ तुमचा, नियमही तुमचे. दोघांनी आपापला हुकूम चिठ्ठीवर लिहायचा, वाटीखाली ठेवायचा, आणि दोन्ही चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. पाचवीत शाळा सुटलेल्या माझ्यासारख्याला हा नियम कशाला? मी एकेका अक्षराशी अडायचो आणि तुम्ही हसत बसायचात. "लिख भिया, फौज खोळंबलीय." आज जे काही लिहिता येतं ते त्या चिठ्ठ्यांमुळे, हे मान्य. पण इतक्या वर्षांत एकदाही मला तोंडी हुकूम देऊ दिला नाहीत.

आपण शेवटचे खेळलो त्या दिवशी तुम्ही तुमची चिठ्ठी मिनिटभरात लिहून वाटीखाली सरकवलीत. मी टेबलावरच्या नदीच्या पुलाकडे बघत बसलो. ओलांडू की नको? टेकडीमागे तुमच्या तोफा असल्या तर? "घरी जाऊन विचार करतो," म्हणालो. तुम्ही चिडलात. "लक्ष्मण्या, पूल पुठ्ठ्याचा आहे रे. बुडणार नाहीस."

मी चार दिवस विचार केला. पाचव्या दिवशी तुम्हाला दवाखान्यात नेलं, आणि तिथूनच गेलात. तुम्हाला नेहमीच घाई. आणखी थोडं थांबला असतात तर काय बिघडलं असतं?

काल सुनीलने वाटीला हात लावला तेव्हा मी त्याच्यावर ओरडलो. त्याचा काय दोष? पण माझी चिठ्ठी नसताना तुमची उघडायची म्हणजे लबाडी, हे तुम्हीच शिकवलंत.

म्हणून आज लिहिली. "सगळे घोडे पुलावरून पुढे." तुमच्या चिठ्ठीशेजारी ठेवून आलो. आता हा हुकूम बदलणार नाही, शब्द देतो. तोफा असतील तर असू देत.

टेबल बहुतेक जाईल. माझ्या खोलीत मावत नाही, दोनदा मोजून पाहिलं. पण दोन चिठ्ठ्या एकदम उघडायला दोन माणसं लागतात, आणि इथे मी एकटा. उघडू, की तशाच ठेवू? स्वप्नात या, कसंही करा, पण रविवारच्या आत कळवा.

तुमचा,
लक्ष्मण