पोवळ्याची शीर

आर्णी, २३ मे १९६१

बाबांचं पुन्हा तेच. "जखम भरली ना? केसबी आले त्याच्यावर. उद्या जुपतो."

केस आले म्हणे! चैत्रात वखराची लोखंडी पास लागून आमच्या पोवळ्या बैलाच्या मागच्या पायाची शीर, स्नायू हाडाला बांधणारी कंडरा, अर्धी कापली गेली. कातडी भरली, पण आतल्या शिरेचं काय? गुरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली पाह्यली मी ती. सुताच्या लडीसारखे एकाला एक चिकटलेले तंतू, आणि रक्तवाहिनी शोधून शोधून सापडते. जिथं रक्तच कमी, तिथं कातडीच्या वेगानं कसं भरून येईल? उद्या वखर ओढायला लागला की उरलेली शीरही जाईल. जन्माचा लंगडा होईल बैल.

हे सगळं जेवताना सांगितलं, तर आई म्हणते, "खाऊन घे आधी." मी ताट सरकवलं. कायले सरकवलं, तिची काय चूक?

मग बाबांनी शांतपणे विचारलं, "बरं, किती दिवस लागतीन? तुनं तर आतून पाह्यली ना शीर?"

पाह्यली. पण काचेवरची ती शीर मेलेल्या जनावराची होती, रंग देऊन ठेवलेली. तुटलेली शीर जुळताना कशी दिसते, ते कोणी दाखवलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. म्हणून खरं तेच बोललो, "माहीत नाही."

बाबांनी हात धुतले आणि उद्यासाठी वखर अंगणात काढून ठेवला.

खोटंच "दोन महिने" म्हटलं असतं, तर ऐकलं असतं त्यांनी.