जसंच्या तसं हलव, म्हटलं होतं

प्रिय सुयश,

हे पत्र हाताने लिहितेय. फोनवर बोलायचं तर तू पहिल्याच वाक्याला हसून "ताई, टेन्शन नको घेऊस" म्हणतोस आणि मला स्पीकरवर टाकून आपली कामं उरकतोस. कागदाला स्पीकर नसतो. तेव्हा जरा बैस आणि वाच. मी रागावलेय, आणि हा राग मी गिळणार नाहीये.

पहिल्यापासून सांगते, कारण तू सोयीने विसरला असशील. दुकानातल्या कॉम्प्युटरची डिस्क कटकट वाजायला लागली म्हणून मीच तुला बोलावलं. पंचवटीत दुरुस्तीवाले काय कमी आहेत? पण आपला भाऊ पुण्यात एवढ्या मोठ्या कंपनीत, मग बाहेरच्याच्या हातात कशाला द्यायचं, हा माझा तोरा. तू नवी डिस्क घेऊन आलास. तू स्क्रू काढत होतास तेव्हा मी एकच गोष्ट सांगितली, तीही पुन्हा पुन्हा: आहे ते सगळं जसंच्या तसं हलव. लग्नपत्रिकांच्या टायपिंगचं माझं सॉफ्टवेअर जुनं आहे, ते विकणारा दुकान बंद करून कधीच निघून गेला, सीडी नाही, एकदा गेलं की पुन्हा टाकता येणार नाही. तू मान डोलावलीस. "अगं, अख्खी डिस्क उतरवून घेतो, घर बदललंय हे कॉम्प्युटरला कळणारसुद्धा नाही," हे तुझेच शब्द. मग आईच्या हातची मटकीची उसळ ओरपलीस, जुनी डिस्क भंगारात देतो म्हणून बॅगेत टाकलीस आणि गेलास.

दुसऱ्या दिवशी मखमलाबादचे मल्हारीभाऊ आले, ते शेवंती लावतात ते. धाकटीचं लग्न ठरलंय. माझं काम कसं चालतं हे तू कधी बघितलंयस का रे? लोक नवी पत्रिका करत नाहीत. थोरलीची काढायची, नवरा-नवरीची नावं बदलायची, मधल्या काळात कोण गेलं, कोण रुसलं, कोणाकडे सून आली ते विचारायचं आणि खालची नावं वरखाली करायची. वर 'श्री गणेशाय नमः' असो नाहीतर 'नमो बुद्धाय', खाली भाऊबंदकी सगळीकडे सारखीच. मी फाइल उघडली तर पडद्यावर चौकोन आणि इंग्रजी अक्षरांचा चिवडा. दुसरी उघडली, तिसरी उघडली, तेच. तुझ्या स्वराजच्या नामकरणाची उघडली, जिच्यात आत्या म्हणून माझं नाव मी हौसेने ठळक केलं होतं, तीही तशीच. थोरलीची पत्रिका निघत नाही म्हटल्यावर मल्हारीभाऊ म्हणाले, "नाय कसं म्हणता ताई, थोरलीची तुमच्याकडंच केली व्हती ना?" ते पलीकडच्या गल्लीतल्या दुकानात गेले आणि मी काउंटरमागे बसून राहिले.

तुला फोन केला. जुनं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालतच नाही, आता सोड ते, असं तू म्हणालास. मी मानलं. शेजारच्या प्रेसमधला ज्ञानेश सहज बघायला आला. तो म्हणाला, "ताई, हे हलवलेलंच नाही. कोरी विंडोज टाकलीय आणि तुमच्या फायली वरून आणून ठेवल्यात. अख्खी डिस्क उतरवली असती तर सगळं जागेवर राहिलं असतं." मी त्याच्यावरच उखडले. माझ्या भावाला घाई होती, राहून गेलं असेल, असं वर सांगितलं. तुझी बाजू घ्यायची सवय जात नाही माझी.

मग पायलचा फोन आला. तुझी बायको सरळ आहे, तिच्यावर चिडू नकोस. तिची बाळंतपणाची सुट्टी संपतेय, तिला एवढंच विचारायचं होतं की माझा पलंग खिडकीशी लावला तर चालेल का. मी म्हटलं, कुठला पलंग? तर म्हणाली, "अहो ताई, सुयश नाशिकला निघायच्या आधीच म्हणाला होता, तुमचं दुकान आता बंदच होणार आहे. तुम्ही आणि आई इकडे आलात की स्वराजला पाळणाघरात टाकायला नको."

निघायच्या आधीच, सुयश. स्क्रूला हात लावायच्या आधी.

लाज कशी वाटली नाही रे तुला? तू चुकला असतास तर मी दोन शिव्या घालून विसरले असते. तू तर सगळं समजून-उमजून केलंस. लग्न मोडून मी परत आले तेव्हा आपल्या कॉलनीत मी 'सुलाबाईंची परत आलेली मुलगी' होते. या दुकानाने मला पत्रिकावाल्या ताई केलं. तुला ती नुसती दगदग दिसते. एक बाई रिकामी झाली की बाळाला सांभाळणारी मिळाली, एवढा सोपा हिशेब. आणि तो माझ्यासमोर चहा पीत, माझ्याच स्टुलावर बसून केलास!

आता हे पत्र का लिहिलं ते ऐक. आईने सामान बांधायला घेतलंय. दुकान आपोआप बंद पडलं असं तू तिला सांगितलंस आणि ती बिचारी नातवासाठी दुपटी शिवत बसलीय. मी तिला काही बोललेले नाही. ते तू बोलायचंस. येत्या रविवारी ती जुनी डिस्क घेऊन ये. पुसली नसशील तर दुकानात बसून सगळं होतं तसं करून दे, आणि पुसली असशील तर तेही समोर उभा राहून सांग. मग घरी चल आणि काय केलंस ते आईला तुझ्या तोंडाने सांग. ऐकूनही तिला यायचं असेल तर खुशाल घेऊन जा. मी येणार नाही. आणि सुयश, तू नुसतं विचारलं असतंस ना, ताई, स्वराजला सांभाळायला येशील का, तर मी शटर ओढून आले असते.

तुझीच,
राखीताई