बर्फावरच्या फटक्यातून मुलीस वगळण्याबाबत

प्रति,
मा. नगरसचिव,
केस्ट्रल फोर्ड नगर परिषद,
नदीकाठ रस्ता (उत्तर), केस्ट्रल फोर्ड, सस्कॅचवन.

विषय : शनिवार दि. १३ फेब्रुवारी १९८८ रोजीच्या 'कचेरी-ओढ' सोहळ्यात माझी मुलगी टेस हिला कुऱ्हाडीच्या दांड्याने मारण्यात येऊ नये याबाबत.

संदर्भ : १) परिषदेचा ठराव क्र. ११, सन १९३४. २) माझे यापूर्वीचे दोन अर्ज. ३) आपले उत्तर दि. २८ जानेवारी.

महोदय,

मी, लॉरेन्स स्टेफन प्रोकोपचुक, वय ५८, धान्यकोठारावरचा काटेवाला, मोडलेल्या खुब्यामुळे गेले वर्षभर घरी बसून, आपणांस हा तिसरा अर्ज सादर करतो. पहिल्या अर्जास उत्तर आले नाही, दुसऱ्यास आले. ते आले नसते तर बरे झाले असते.

१. आपल्या शहराचा इतिहास मी आपणांस सांगावा म्हणजे सूर्यापुढे काजवा. तरीही अर्ज पुढे कोणाच्या टेबलावर जाईल हे ठाऊक नसल्याने लिहितो. सन १९०९ मध्ये येथे शहर नव्हते. नदीच्या दोन काठांवर एकमेकांचे तोंड न पाहणारी दोन गावे होती, आणि जमिनीची नोंदणी कचेरी दक्षिणेकडे होती. जिथे कचेरी तिथे रेल्वे, हे ओळखून उत्तरेकडच्यांनी ती कचेरी ओंडक्यांवर चढवली, बावीस घोडे जुंपले आणि गोठलेल्या नदीवरून सबंध ओढून न्यायला घेतली. दक्षिणेकडचे भर पात्रात आडवे आले. दांडे, चुलीच्या सळया, हाताला येईल ते चालले. माझे आजोबा पेत्रो तेव्हा कचेरीच्या आत होते. कारकुनाची शाई गोठू नये म्हणून शेगडी पेटती ठेवायला त्यांना रोजाने लावले होते. ओढणे का थांबले हे विचारायला ते दार उघडून बाहेर आले आणि अलेक्झांडर मॅकइलराइट यांचा दांडा त्यांच्या डोक्यात बसला. माणूस मेलेला पाहून दोन्ही बाजूंची पाचावर धारण बसली आणि मारामारी थांबली. चार वर्षांनी दोन्ही गावांचे एक शहर झाले. पुलावरच्या पाटीवर आजोबांचे शेवटचे शब्द "बंधूंनो, एक व्हा!" असे इंग्रजीत कोरले आहेत. आजी सांगायची की ते "काय झालं, का थांबलो?" एवढेच म्हणाले. त्यांना इंग्रजी येत नव्हते.

२. सन १९३४ च्या ठरावान्वये हा प्रसंग दरवर्षी बर्फावर करून दाखवला जातो. मारणारा मॅकइलराइट घराण्यातला आणि पडणारा मयताच्या रक्ताचा असावा, असे ठरावात आहे. पडणारा पडल्याशिवाय घंटा वाजत नाही, आणि घंटा वाजल्याशिवाय दोन्ही काठांचे चारशे लोक दांडे खाली ठेवत नाहीत. सन १९४३ मध्ये माझे वडील तापाने अंथरुणात होते. कोणी पडलेच नाही. लोक अंधार पडेपर्यंत एकमेकांना बडवत राहिले, एकोणीस जण इस्पितळात गेले आणि दोघे परत आले नाहीत. त्यामुळे आमच्यापैकी कोणी हजर राहिले नाही तर काय होते, हे मला आपण सांगू नये.

३. पडण्याचा हा मान आमच्या घरात कसा नांदला ते नोंदवतो. वडिलांचे गळ्याजवळचे हाड दोनदा मोडले आणि उजवा कान कायमचा गेला. थोरले बंधू ओरेस्ट यांचा डावा डोळा सन १९७२ मध्ये बर्फावर राहिला. नंतर पंधरा वर्षे मी पडलो. त्यांपैकी चौदा वर्षे मारणारे श्री. वॉलेस मॅकइलराइट, म्हणजे पुढे माझे व्याही, हा भला माणूस. दांडा उगारला की ओठ न हलवता म्हणायचा, "लॉरी, डावीकडे वळ रे!" मी वळायचो, फटका पाठीवर घ्यायचो आणि संध्याकाळी चर्चच्या तळघरात आम्ही दोघे एका ताटातल्या पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, खायचो. गतवर्षी त्यांनी दांडा आपला मुलगा ग्रँट, म्हणजे माझा जावई, याच्या हाती दिला. दांड्यावर फ्लॅनेलचे तीन पदर हवेत असा नियम आहे. ग्रँटच्या दांड्यावर एकही नव्हता. त्याने मला वळू दिले नाही आणि पडल्यावर आणखी दोनदा मारले. खुबा मोडला तो तेव्हाच. इस्पितळात येऊन म्हणाला, "सॉरी हं बाबा, बर्फ फार निसरडा होता." सगळे हसले. मीही हसलो.

४. माझी मुलगी टेस, वय २४, इस्पितळात परिचारिका आहे. तिने ऑक्टोबरात ग्रँटचे घर सोडले. नोव्हेंबरात त्याच्यावर मारहाणीचा खटला झाला, पण पाहणारा कोणी नाही म्हणून खटला टिकला नाही. न्यायाधीशांनी एवढेच केले की ग्रँटने वर्षभर टेसच्या शंभर मीटरच्या आत येऊ नये असा आदेश दिला. ओरेस्टना एकच डोळा, मूलबाळही नाही, माझा खुबा गेलेला, म्हणून ठरावाप्रमाणे यंदा पडण्याची पाळी टेसची. येत्या शनिवारी दुपारी बारा वाजता, न्यायालयाच्या आदेशाने जो तिच्या जवळ येऊ शकत नाही, त्यानेच परिषदेच्या ठरावाने तिला मारायचे आहे.

५. यावर आपले उत्तर असे की आदेश ग्रँट या खाजगी व्यक्तीस लागू आहे. सोहळ्यापुरता तो अलेक्झांडर मॅकइलराइट असतो आणि अलेक्झांडर यांच्याविरुद्ध कोणताही आदेश नाही. महोदय, अलेक्झांडर यांच्याविरुद्ध आदेश असता तर माझे आजोबा म्हातारे होऊन मेले असते. पोलीस ठाण्यावर गेलो तर हवालदार म्हणाला, "शंभर मीटर हवेत? मग दांडा तेवढा लांब करायला सांगा की!" बर्फावरच्या हॉकीच्या मैदानातल्या कॉफीच्या दुकानात तर रोज माझीच हजेरी घेतात. "अहो लॉरी, एक फटका तर आहे! तुमच्या घराण्याला सवय आहे." ग्रँट हॉकीच्या संघात खेळाडूंना आडवे करण्यासाठीच ठेवलेला आहे, त्याचे सगळ्यांना कौतुक. वॉलेस एकटे कोपऱ्यात कप धरून बसले होते. उठताना माझ्या कानाशी म्हणाले, "तो माझं ऐकत नाही रे. तिला हेल्मेट घालायला सांग."

६. हेल्मेटची परवानगी मागितली असता सन १९०९ मध्ये हेल्मेट नव्हते, असे सोहळा समितीने कळवले. तरी विनंती की सोहळा यंदा रद्द व्हावा. रद्द होत नसल्यास मारणारा बदलावा. तेही होत नसल्यास माझे वैद्यकीय प्रमाणपत्र मी मागे घेतो. मला खुर्चीसकट बर्फावर नेऊन ठेवावे, मी बसल्या बसल्या पडेन. तेही नियमात बसत नसल्यास रुग्णवाहिका काठावर न ठेवता बर्फावर ठेवावी, आणि तिचे इंजिन चालू ठेवावे, कारण उणे तीस अंशांत ते वेळेवर सुरू होत नाही.

७. येथवर लिहून हा अर्ज मी काल पाकिटात घातला होता. टेसने तो काढून वाचला. वाचून म्हणाली, "बाबा, हे पाठवू नका. मी जाणार आहे." मी विचारले, तुला वेड लागलंय का? ती म्हणाली, "घरात त्याने मला चौदा महिने मारलं. कोर्टात विचारलं, कोणी पाहिलं का? कोणीच नाही. शनिवारी सहा हजार माणसं बघायला येणार आहेत. मारू दे त्याला. बघू या, सोमवारी कोण म्हणतंय मी पाहिलं नाही."

महोदय, मला रात्रभर झोप नाही. मुलगी माझ्यावर गेली नाही, हे बरे झाले. आता माझ्या वरील सर्व विनंत्या मी मागे घेतो. फक्त रुग्णवाहिकेची राहू द्यावी. त्याखेरीज एकच मागणे आहे. शनिवारी नदीवर येणाऱ्या प्रत्येकाचे नाव, पत्ता व सही, बर्फावर पाऊल टाकण्यापूर्वी, साक्षीदार म्हणून घेण्यात यावी. महापौरांची, न्यायाधीशांची, हवालदाराची आणि आपलीही.

यादीत पहिले नाव माझे लिहावे. गतवर्षी एप्रिलच्या एका रविवारी, कोबीचे रोल गार झाले म्हणून, ग्रँटने टेसचे डोके स्वयंपाकघराच्या दारावर आपटले. तीनदा. मी कुबड्या घेऊन त्याच दारात उभा होतो. मी वळलो, बाहेरच्या खोलीत येऊन बसलो आणि टीव्हीचा आवाज वाढवला. नोव्हेंबरात न्यायालयात शपथेवर मला विचारले तेव्हा मी सांगितले की मी काही पाहिले नाही. मी पाहिले होते.

आपला पिढीजात नम्र,
(सही)
लॉरेन्स स्टेफन प्रोकोपचुक
केस्ट्रल फोर्ड, मंगळवार, दि. ९ फेब्रुवारी १९८८

सोबत : न्यायालयाच्या आदेशाची प्रत, ठराव क्र. ११ ची प्रत. साक्षीदारांच्या यादीसाठी कोरे कागद दोनशे, पहिल्याच्या पहिल्या ओळीवर सही केलेली.