वेणूची रजा

६ ऑक्टोबर, सोमवार
वेणूच्या खुराला खडा लागला. डॉक्टर वैजयंतींनी दहा दिवस पूर्ण विश्रांती सांगितली. चाळीस किलोमीटरची राईड ३० नोव्हेंबरला. ती पूर्ण झाली नाही तर मामा, म्हणजे माझे सासरे हौसेराव, घोडी साताऱ्याला परत नेणार. तसं तोंडावर बोललेत. टेन्शन नाही. कुठेतरी वाचलंय, चार आठवडे सुट्टी झाली तरी घोड्याचा दम फारसा जात नाही.

१७ ऑक्टोबर
खूर बरा. पण दिवाळी तोंडावर. विश्रांतीला भाऊबीजेपर्यंत मुदतवाढ दिली.

३ नोव्हेंबर
ऑडिट. बेलापूरच्या ऑफिसातून तळोज्याच्या तबेल्यात कधी जाणार माणूस? उद्यापासून पहाटे पाच. नक्की.

४ नोव्हेंबर, सकाळी ९
कंबर धरली.

१५ नोव्हेंबर
तबेल्यात गेलो. वेणूची निगा राखणारा सयाजी म्हणाला, साहेब, चाळीस दिस झालं, घोडी नुसती उभी हाय, मी फिरवू का? नको म्हटलं. ट्रेनिंग मीच देणार. शिवाय चाळीस कुठले? शनिवार-रविवार, दिवाळी, गुरुनानक जयंती वगळून सव्वीसच भरतात. चार आठवड्यांच्या आत. आमच्याकडे माणूस महिन्याच्या रजेनंतर त्याच टेबलावर रुजू होतो, काही बिघडत नाही.
वेणूच्या हृदयाचे ठोके मोजले. अडतीस. एकदम फिट! सयाजी म्हणाला, उभ्या घोडीचं ठोकं मोजून काय कळनार? पळवून मोजा की. फार बोलायला लागलाय.

२३ नोव्हेंबर, रविवार
दोन किलोमीटर पळवली. बराच वेळ धापा टाकत होती. इतक्या दिवसांनी मला बघून भारावली असणार. जास्त ताणलं नाही. ताकद राखून ठेवलेली बरी.

३० नोव्हेंबर
९.१०. मोबाईलवर लिहितोय. चाळीस पुरे केले! आता नियमाप्रमाणे वीस मिनिटांत तिचे ठोके चौसष्टवर आले की राईड पूर्ण. आत्ता अठ्ठ्याऐंशी. मामा दोरीपलीकडे उभे आहेत.
९.१८. शहात्तर. सयाजी मानेवर पाणी ओततोय. उतरतील.
९.२५. सत्तर.
९.२९. अडुसष्ट. डॉक्टर वैजयंतींचं घड्याळ पुढे असणार.
९.३०. अडुसष्ट. बाद.

संध्याकाळी
डॉक्टरांनी विचारलं होतं, घोडी किती दिवस कामाशिवाय होती? छत्तीस म्हणालो, सुट्ट्या वगळून. त्यांचं पेन थांबलं. कुणाच्या सुट्ट्या, म्हणाल्या. सयाजीनं खाली बघितलं. वेणूच्या बरगड्या अजून वरखाली होत होत्या. लाज वाटली. खूप लाज वाटली.

१ डिसेंबर
गाडी आली. मामा म्हणाले, पाव्हणं, मनाला लावून घिऊ नगा. वेणूच्या मानेवरून हात फिरवला आणि रडू आलं. माझा जीव आहे तिच्यावर, हे मामांना सांगितलंसुद्धा. तेवढ्यात ड्रायव्हरनं विचारलं, साहेब, वाटेत बिथरली तर हिला आवडीचं काय द्यायचं?
मी सयाजीकडे बघितलं.