आई, त्या रविवारी मी मॅचला होते

ईडन प्रेरी, मिनेसोटा
एप्रिल १९८८

प्रिय आई,

या आठवड्यात बेसबॉलचा नवा सीझन सुरू झाला. लॅबमध्ये सगळे तेच बोलतायत. मी मात्र ऑक्टोबरपासून टीव्हीवर मॅच लावलेली नाही. मुकुंदला बघायची असली की तो खाली बेसमेंटमध्ये जातो आणि आवाज बारीक ठेवतो. मला ऐकू येतंच.

पण पत्राचं कारण ते नाही. गेल्या रविवारी पुण्याहून वहिनीचा फोन आला होता. तिने जे सांगितलं, ते ऐकल्यापासून तुझ्याशी बोलल्याशिवाय राहवत नाहीये. कुठे बोलू? म्हणून लिहितेय.

गेल्या वर्षी याच दिवसांत तू आलीस. बाबा गेल्यानंतर दादाने तुला जवळजवळ ढकलूनच विमानात बसवलं होतं. मी सकाळी लॅबला जायची, मुकुंद सारखा टूरवर, आणि अकोल्यात जन्म काढलेली तू एप्रिलमध्ये खिडकीबाहेरचा बर्फ बघत बसायचीस. ‘टीव्ही बघत जा, इंग्लिश ऐकायची सवय होईल,’ असं मी म्हणाले, ते खरं तर तुझी काहीतरी सोय लावल्याच्या समाधानासाठी.

तू टीव्ही लावलास आणि तुला आपल्या गावची बेसबॉल टीम सापडली.

पहिल्यांदा मी हसले. नेम कशावर धरलाय, कोण का पळतंय, काही कळत नसताना ही बाई बघते तरी काय? पण मे संपायच्या आत तूच मला समजावायला लागलीस. शेजारच्या डॉरोथीबाई दुपारी आइस्ड टी घेऊन यायच्या आणि तुम्ही दोघी सोफ्यावर बसायचात. त्या इंग्लिशमध्ये बोलायच्या, तू मराठीत, आणि तिसरा माणूस आउट होऊन आपली पाळी संपली की दोघी एकदमच सुस्कारा टाकायचात. तुला खेळाडूंची नावं उच्चारता येईनात, म्हणून तू त्यांचं बारसंच केलंस. एक आपला बुटका, एक मिशीवाला, आणि तो बॉल टाकणारा, सारखा चिडणारा पिचर म्हणजे जमदग्नी.

आदल्या वर्षी ही टीम जवळजवळ तळाशी होती. कुणाला त्यांच्याकडून काही अपेक्षा नव्हती. त्यातून घरच्या मैदानावर जिंकायचे आणि बाहेरगावी गेले की हरून यायचे. तू म्हणायचीस, ‘यांना बाहेरचं अन्न मानवत नाही गं.’ त्यावर मुकुंद इतका हसला होता की त्याने ते ऑफिसात जाऊन सांगितलं.

तुला एकदा स्टेडियममध्ये जाऊन मॅच बघायची होती. तू कधी हट्ट केला नाहीस. फक्त विचारायचीस, ‘इथून लांब आहे का गं?’ लांब कसलं? गाडीने अर्ध्या तासाचा रस्ता. पण या वीकएंडला मंडळाचा कार्यक्रम, त्या वीकएंडला कुणाकडे तरी पॉटलकचं जेवण, असं करत करत ऑगस्ट उजाडला.

नेलं एकदाचं. ते हवेने फुगवलेलं पांढरं छत बघून तू दारातच थबकलीस. म्हणालीस, ‘अगं, हे तर एवढी मोठी पुरी फुगल्यासारखं आहे.’ साडीवर माझं जॅकेट घालून तू ताठ बसली होतीस. आपली टीम मागे होती. मला दुसऱ्या दिवशी सकाळी मीटिंग होती, म्हणून मॅच संपायच्या आधीच मी तुला उठवलं. ‘आता काही हे जिंकत नाहीत, आई. पार्किंगमधून निघताना गर्दी होईल.’ तू पर्स उचललीस.

हायवेवर रेडिओ लावला आणि आपल्या बुटक्याने मारलेला बॉल थेट प्रेक्षकांत गेला. जिंकले! कॉमेंटेटर ओरडत होता. थोड्या वेळाने तू एवढंच म्हणालीस, ‘बघितलं असतं.’ आई, तू रागावली असतीस तर बरं झालं असतं.

सप्टेंबरमध्ये टीम पहिल्या नंबरवर होती. तेव्हा तू मला विचारलंस, ‘व्हिसा थोडा वाढवून मिळतो का गं? यांचं काय होतंय ते बघून जाते.’ मिळाला असता. डॉरोथीबाईंची मुलगी वकील होती, तिने फॉर्म भरून दिले असते. मी म्हणाले, दिवाळीला तू दादाकडे असायला हवीस. दादाचं नाव पुढे केलं. खरं हे होतं की मी थकले होते. घरी आल्यावर कुणीतरी आपली वाट बघतंय, याचंच मला ओझं वाटायला लागलं होतं. हे तुला कळलं होतं ना? म्हणूनच दुसऱ्यांदा विचारलं नाहीस.

तू गेलीस, आणि ही आपली टीम जिंकतच गेली. देशातल्या शेवटच्या सिरीजपर्यंत पोचली. सात मॅच, चार जिंकेल तो विजेता. पाडव्याला मी फोन केला तेव्हा घरच्या दोन मॅच जिंकून, बाहेरच्या तिन्ही हरून सगळे परत आले होते. मुकुंदला ऑफिसातून शेवटच्या मॅचची तिकिटं मिळाली होती. मी तुला म्हणाले, शनिवारी जिंकले तर रविवारी आम्ही जाणार. तू म्हणालीस, ‘जिंकतील. घरी आलेत ना आता. आणि हे बघ, मधेच उठू नकोस.’ तू हसत होतीस. मीही हसले. तुझं-माझं तेच शेवटचं बोलणं.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. मुकुंद म्हणाला, कालच तर बोललीस. पण भाऊबीजेला दादाला फोन केला नाही असं कधी झालंय? दादाचा आवाज जरा वेगळा वाटला. तुला बोलवायला सांगितलं तर म्हणाला, ‘झोपलीय. दमलीय दिवाळीने.’ मी खरं मानलं.

रविवारी आम्ही गेलो. तुला काय सांगू तो गोंगाट! ते छत उडून जाईल असं वाटत होतं. सगळ्यांच्या हातात पांढरे रुमाल. मीसुद्धा उभी राहून रुमाल फिरवत होते, शेजारच्या अनोळखी बाईला मिठी मारत होते. शाळेत असताना ओरडले नसेन एवढी ओरडले. शेवटचा माणूस आउट झाला, टीम जिंकली, आणि मी रडले. वाटलं, उद्या आईला एकेक बॉल सांगायचा.

तुमच्याकडे तेव्हा सोमवारची सकाळ होती. तू त्याच वेळात गेलीस.

रस्त्यारस्त्यांत लोक हॉर्न वाजवत होते, त्यातून आम्ही कसेबसे घरी आलो तर फोन वाजत होता. दादा कितीतरी वेळ लावत होता. त्याने विचारलं, ‘मॅचलाच होतीस?’ मी घोगऱ्या आवाजात कसंबसं ‘हो’ म्हणाले. मग तो म्हणाला, ‘आई गेली, वासू. आणि तू मॅच बघत होतीस.’

ओरडून ओरडून माझा घसा पूर्ण बसला होता. पुढे शब्दच फुटेना. दादाला वाटलं असेल, हिला काहीच वाटत नाही.

पुण्याला पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. माझा आवाज अजून आला नव्हता. शांतामावशीने मला जवळ घेतलं आणि आलेल्या बायकांना सांगितलं, ‘रडून रडून आवाज बसलाय बिचारीचा.’ आई, मी खरं सांगितलं नाही. मान खाली घालून बसून राहिले. त्या दिवसांत सगळे माझ्याशी मायेने वागले आणि मी ती माया चोरासारखी घेतली. फक्त दादा माझ्याकडे बघत नव्हता. मला वाटलं, त्याला खरं काय ते कळलंय.

तेव्हापासून आम्ही दोघं बोललेलो नाही. फोन केला तर वहिनीच उचलते, वहिनीच ठेवते.

आणि गेल्या रविवारी तिने मला सांगितलं. भाऊबीजेच्या दुपारीच तुला छातीत दुखून हॉस्पिटलमध्ये नेलं होतं. दादा मला कळवायला निघाला, तर तू त्याचा हात धरलास. म्हणालीस, ‘वासूची मॅच होऊ दे. मग सांग. मला काही होत नाही.’ त्याला शपथ घातलीस. म्हणून तो फोनवर खोटं बोलला. वहिनी म्हणाली, ‘वासंती, ते तुझ्यावर चिडलेले नाहीत. आपण कळवलं असतं तर वासूला निदान आईचा आवाज ऐकायला मिळाला असता, हे त्यांच्या मनातून जात नाही. म्हणून ते फोनवर येत नाहीत.’

आई, काय केलंस हे? मला वाटत होतं, गुन्हेगार मी एकटीच. तिकडे दादा सहा महिने तेच मनात घेऊन बसलाय, आणि मी त्याच्या गप्प बसण्याला राग समजत आले. मला एक मॅच नीट बघता यावी म्हणून तू एवढं केलंस? मी तुझ्यासाठी एक मॅच संपेपर्यंत थांबले नव्हते.

वहिनीला वाटलं, हे ऐकून मला हलकं वाटेल. नाही वाटलं. तू मला माफ केलंस हे कळलं, आणि ते मला पेलवत नाही.

पण एक गोष्ट मी करणार आहे. या रविवारी फोन लावीन, आणि वहिनीला सांगेन, दादा येईपर्यंत मी फोन धरून ठेवते. किती का वेळ लागेना. तो आला की सांगेन, तू आईचं ऐकलंस, तुझं काही चुकलं नाही. त्याला पटेपर्यंत सांगेन. जूनमध्ये पुण्याला जाऊन त्याच्यासमोर बसून पुन्हा सांगेन. माझं मला केव्हा पटेल ते माहीत नाही. त्याचं ओझं मात्र मी उतरवणार, हा माझा शब्द.

तुझी,
वासू